राजलक्ष्मीताईंची साधी गाठ

राजलक्ष्मीताई मला पहिल्यांदा दिसल्या त्या आरशात. एकोणीसशे एक्कावन्न सालचा जून महिना होता. ठाकुरद्वारच्या आतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, बहिऱ्या-मुक्या मुलांची आमची लहानशी शाळा होती. नेमणुकीचा कागद हातात घेऊन मी हेडमास्तरांची खोली शोधत होते. वाटेत एका वर्गाचं दार उघडं होतं. आत भिंतीला टेकवलेला मोठा आरसा होता आणि त्याच्यासमोर एक बाई आणि पाच-सहा वर्षांचा एक मुलगा शेजारी शेजारी बसले होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणून त्यांचे चेहरे मला आरशातच दिसले. मुलाचा एक तळहात बाईंच्या गालावर होता, दुसरा स्वतःच्या. बाई म्हणाल्या, "मा." मुलानं तोंड उघडलं, आवाज आला नाही. बाई पुन्हा म्हणाल्या, "मा." असं तीस-पस्तीस वेळा तरी झालं असेल. त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा आला नाही आणि उसनं हसूही आलं नाही. प्रत्येक वेळी ओठ तेवढेच मिटत आणि तेवढेच उघडत.

मग त्यांनी मला आरशातूनच पाहिलं. "दारातून बाजूला हो ग," त्या म्हणाल्या. "तुझी सावली माझ्या तोंडावर पडतेय. त्याला वाचता येत नाही."

माझं नाव नलू. मी त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. त्या दिवसापासून त्या मला 'अगं नलू' म्हणू लागल्या आणि मी त्यांना ताई.

त्या काळी आमच्या शाळेत हातवाऱ्यांना बंदी होती. मुलांनी समोरच्याच्या ओठांकडे पाहून शब्द ओळखायचा, त्याच्या गालाला आणि गळ्याला हात लावून आवाजाची थरथर समजून घ्यायची, आणि मग आरशात पाहत आपलं तोंड तसंच करायचं, अशी पद्धत होती. ती योग्य की अयोग्य यावर हल्ली पुष्कळ वाद होतो. आम्हांला तीच येत होती. आणि ती ताईंना जशी येत होती तशी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. त्या पान खात नसत. ओठ फुटले की तूप लावत. सर्दी झाली तर वर्गावर येत नसत, कारण सर्दीत 'म' आणि 'ब' यांची थरथर सारखी लागते. मी नवी असताना शब्द अगदी तोंड फाडून उच्चारायची. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "इतकं तोंड उघडू नकोस. रस्त्यावरची माणसं असं बोलत नाहीत. मग यांना जन्मभर एकटी तूच कळशील."

ताईंचं आडनाव त्रिलोकेकर. पाठारे प्रभूंचं जुनं घर, वडील हायकोर्टात कारकून होते. ते गेल्यावर धाकटा भाऊ श्यामकांत, त्याची बायको वासंती, त्यांचा मुलगा आणि ताई असे चौघे गिरगावातच राहत. ताईंनी लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलं तर म्हणत, "दिवसभर मुलांना बोलायला शिकवते. संध्याकाळी घरी जाऊन आणखी एकाला कोण शिकवेल?" दिसायला त्या साध्या होत्या. चेहरा लांबट, तोंड जरा मोठं. गप्प असल्या तर गर्दीत नजरेत भरल्या नसत्या. पण बोलू लागल्या की माणूस त्यांच्या तोंडाकडेच पाहत राही. वासंतीवहिनी थट्टा करायच्या, "आमच्या वन्सं ताटावर बसल्या बसल्या 'भुजणं वाढ' म्हणाल्या ना, तर समोरच्या माडीवरच्या माणसालाही ऐकू न येता कळतं."

पंचावन्नच्या जूनमध्ये गुणवंती आली. वरळीच्या कोळीवाड्यातली, सहा वर्षांची, जन्मापासून बहिरी. तिची आई सोनूबाई गिरगावात मासळी विकायला बसे. सकाळी टोपली डोक्यावर आणि पोर हाताशी अशी ती यायची, पोरीला जिन्याखाली सोडायची आणि बाजारात जायची. गुणवंतीचे डोळे फार तीक्ष्ण होते. ताई म्हणत, "ही नुसतं बघत नाही, झडती घेते."

गाठ तिनं शोधली. दिवाळीनंतरची गोष्ट. ताई तिला 'ब' शिकवत होत्या आणि गुणवंतीचा तळहात त्यांच्या डाव्या गालावर होता. एकाएकी तिनं हात काढला, हाताकडे पाहिलं, पुन्हा ठेवला. मग उठून ताईंच्या उजव्या गालाला हात लावला. मग स्वतःचे दोन्ही गाल चाचपले. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून माझ्याकडे आली आणि माझेही दोन्ही गाल दाबून पाहिले. परत जाऊन तिनं ताईंच्या कानाच्या पाळीखाली बोट ठेवलं आणि मान हलवली. इथे आहे, बाकी कुठेच नाही, असं.

"काय ग, काय सापडलं तुला?" असं म्हणत ताईंनी तिथे बोट नेलं. मलाही लावायला सांगितलं. चिंचोक्याएवढी घट्ट गाठ होती. बोटाखाली जरा सरकायची. दुखत नव्हती.

वासंतीवहिनींचं मत पडलं की ते गालगुंड आहे आणि शाळेतल्या मुलांकडून आलं आहे. त्यांनी आठ दिवस आंबेहळदीचा लेप घातला. ताई पिवळा गाल घेऊन वर्गावर आल्या नि मुलं खूष झाली. घरच्या डॉक्टरांनी दाढेवर संशय घेतला आणि दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी एक दाढ काढली. ती दाढ चांगली होती, असं पुढे कळलं. गाठ होती तिथेच राहिली. शेवटी घरच्या डॉक्टरांनी परळच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. तिथे तपासून सांगितलं की गालात औषध भरून क्ष-किरणांचा फोटो काढावा लागेल, आणि जानेवारीतली तारीख दिली.

त्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि शहर उसळलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोर्चे थांबत. मुलं खिडकीत गोळा होत. त्यांना आवाज येत नव्हता, पण शेकडो तोंडं एकदम एकच आकार करताना दिसत होती. गुणवंती खिडकीतून धावत ताईंकडे आली आणि तिनं ओठांनी तो आकार करून दाखवला. आवाज फाटका होता, पण शब्द ओळखू येत होता. "पाहिजे."

"नलू," ताई म्हणाल्या, "हिनं रस्त्यावरून शब्द उचलून आणला. मी शिकवलेला नाही हा."

त्या दिवसापासून गुणवंतीला सगळंच पाहिजे झालं. पाणी पाहिजे, खडू पाहिजे, आई पाहिजे.

तारखेच्या दिवशी आम्ही दोघी परळला गेलो. गोळीबार होऊन गेलेला होता. इस्पितळाच्या बोळात माणसं जमिनीवर निजवलेली होती आणि फोटोच्या खोलीसमोर स्ट्रेचरांची रांग होती. फोटो काढणारा माणूस बाहेर आला, आमची चिठ्ठी पाहिली आणि थकलेल्या आवाजात म्हणाला, "बाई, आज आम्ही इथे फक्त गोळ्या शोधतोय. तुमच्या गाठीला घाई आहे का?"

"नाही," ताई म्हणाल्या आणि बाकावरून उठल्या. एका जखमी माणसाला तिथे बसवलं.

नवी तारीख मार्चमध्ये मिळाली. त्या वेळीही मी बरोबर होते. ताईंना विचारून मला आत उभं राहू दिलं. डॉक्टरांचं नाव रघुवीर गुप्ते, वय पस्तिशीच्या आतबाहेर, बोलणं मोजकं. त्यांनी ताईंना लिंबाची फोड चोखायला दिली. गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या दाढेसमोर, लाळेचं एक बारीक छिद्र असतं. आंबट चोखलं की तिथून लाळ पाझरते आणि छिद्र सापडतं. सापडल्यावर त्यांनी केसासारखी बारीक नळी त्यात सरकवली आणि तेलकट औषध हळूहळू आत सोडलं. गाल भरल्यासारखा वाटला की हात वर करा, असं सांगितलं होतं. ताईंनी हात वर केला. मग एक फोटो समोरून आणि एक बाजूनं काढला. त्यानंतर पुन्हा लिंबू दिलं, औषध बाहेर यावं म्हणून.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तो फोटो उजेडाच्या काचेवर लावला. पानं झडलेल्या झाडासारखं काहीतरी दिसत होतं, एक खोड आणि त्याला बारीक बारीक फांद्या. एका जागी फांद्या दोन्ही बाजूंना वळल्या होत्या आणि मधे गोल मोकळी जागा होती, चेंडू मुठीत धरला की बोटं वळतात तशी.

"ही मोकळी जागा म्हणजे गाठ," डॉक्टर म्हणाले. "या लाळेच्या नळ्या. त्या वाकल्यात, पण एकही तुटलेली नाही. तुटल्या असत्या तर मी वेगळं बोललो असतो. ही साधी गाठ आहे. कॅन्सर नाही."

माझ्या तोंडून देवाचं नाव गेलं. ताई मात्र फोटोकडेच पाहत होत्या.

"काढावी लागेल?"

"काढलेली बरी. औषधानं जात नाही, आणि हळूहळू वाढते. पण एक गोष्ट सांगायला हवी." त्यांनी स्वतःच्या गालावर पंजा पसरून ठेवला. "चेहरा हलवणारी नस कानाखालून निघते आणि अशी फाकत जाते, नेमकी याच ग्रंथीतून. डोळा मिटणं, हसणं, ओठ मिटणं, सगळं तिच्यावर."

"ती यात कुठे आहे?"

"यात नाही. यात नळ्या दिसतात, गाठसुद्धा नळ्या सरकल्या म्हणून कळते. नस कुठल्याच फोटोत दिसत नाही. उघडल्यावरच दिसते."

"आणि दुखावली तर तोंड वाकडं होतं."

"होऊ शकतं. थोडे दिवस, किंवा कायमचं."

ताईंनी मग आपलं काम काय ते त्यांना सांगितलं. मुलं ओठ कसे वाचतात, गालाला हात लावून अक्षर कसं शिकतात, हे त्यांनी शांतपणे, एक-एक पायरी करून सांगितलं. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "म्हणूनच सांगतो, आत्ताच काढा. आत्ता लहान आहे, नस बाजूला घेता येईल. मोठी झाली की अवघड."

"किती थांबता येईल?"

"थांबलात म्हणून जीव जाणार नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर थांबलो नसतो."

जिना उतरताना ताई म्हणाल्या, "गुणवंतीची तुकडी आत्ता कुठे बोलायला लागलीय. मध्येच माझं तोंड बिघडलं तर यांचं काय?"

आणि मी म्हणाले, "साधी आहे म्हणाले ना ते. मग घाई कसली? या मुलांचं होऊ दे."

हे मी म्हणाले. वासंतीवहिनींनीही हेच म्हटलं असेल, श्यामकांतनीही म्हटलं असेल, पण जिन्यावर पहिल्यांदा मी म्हणाले. 'साधी' हा शब्द त्या घरात आणि आमच्या शाळेत फार लवकर रुळला. ताईंच्या प्रकृतीची कुणी चौकशी केली की आम्ही सगळे एका सुरात सांगायचो, साधी गाठ आहे. परळहून येणाऱ्या तारखांच्या चिठ्ठ्या वहिनींनी कपाटात ठेवून दिल्या.

दोन वर्षं गेली. गुणवंती वाक्यं बोलू लागली. तिचं पहिलं पुरं वाक्य घरी निघालं आणि दुसऱ्या दिवशी सोनूबाई टोपली घेऊनच दोन जिने चढून वर आली.

"बाय, ही काल ताटावर बसून काय बोल्ली म्हायती हाय? 'आई, मला मासा नको.' कोळ्याची पोर नि मासा नको बोलते. ह्याच शिकवायला तुमच्याकडं धाडली काय मी?" असं म्हणून ती डोळे पुसू लागली. जाताना टोपलीतली एक जाड सुरमई ताईंच्या टेबलावर ठेवून गेली. तिच्याखाली सापडलेली हेडमास्तरांची हजेरीवही दोन दिवस वास मारत होती.

त्या दोन वर्षांत गाठ सुपारीएवढी झाली, मग अक्रोडाएवढी. ताई केस कानावरून घेऊ लागल्या. तोंड अजून सरळ होतं. गाठ स्वतः नसेला काही करत नव्हती. मुलांचे हात मात्र आपोआप उजव्या गालावर जाऊ लागले, कारण डाव्या बाजूला थरथर नीट लागत नव्हती. हे पाहिल्यावर ताई म्हणाल्या, "आता काढायला हवी."

अठ्ठावन्नच्या मे महिन्याच्या सुट्टीत त्या परळला गेल्या. डॉक्टर गुप्त्यांनी पुन्हा औषध भरून फोटो काढला आणि दोन वर्षांपूर्वीचा आणि नवा असे दोन्ही काचेवर शेजारी लावले. नव्या फोटोत फांद्या जास्त वाकल्या होत्या आणि मोकळी जागा आत खोलवर सरकली होती. त्यांनी ताईंना दोष दिला नाही. "अजूनही साधीच दिसतेय," एवढंच म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

ऑपरेशनला साडेचार तास लागले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. डोक्याला, हनुवटीला पट्टी होती. ताई मला पाहून हसल्या. हसू उजवीकडेच आलं. डावा अर्धा चेहरा जागचा हलला नाही. डावा डोळा मिटत नव्हता, त्यातून पाणी वाहत होतं, पण ते रडणं नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना सगळं कळलं. त्यांनी आरसा मागितला नाही.

गाठ तपासून आली. साधीच निघाली. डॉक्टर बोळात मला आणि श्यामकांतना म्हणाले की नस गाठीवर ओल्या दोऱ्यासारखी ताणून पसरली होती, त्यांनी ती कापली नाही, पण सोडवताना फार ओढली गेली. "सहा महिने वाट पाहू," ते म्हणाले. सहा महिने झाले, वर्ष झालं. काही परत आलं नाही. वासंतीवहिनी रोज शेकत होत्या, तेल चोळत होत्या. घरात ताई आता सगळ्यांच्या मागून जेवत, कारण रस्सा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळायचा आणि त्यांना तो अडवता यायचा नाही.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्या वर्गावर आल्या. हेडमास्तर नको म्हणत होते. "मला पाहू द्या," ताई म्हणाल्या. मोठी मुलं पाहत राहिली. लहानातली एक मुलगी रडली. ताई आरशासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मा." ओठ उजवीकडे मिटले, डावीकडे फट राहिली. 'प' म्हणताना त्या फटीतून वारा जायचा, म्हणून त्या डाव्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायच्या. पहिले पंधरा दिवस मुलांना त्यांचं काही समजेना. त्या प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा म्हणत. दुपारपर्यंत उजवा गाल दुखायला लागे.

मग मुलांना समजू लागलं. दिवाळीपर्यंत ती त्यांचं सगळं बोलणं पूर्वीसारखं वाचू लागली. नवी आलेली लहान मुलंसुद्धा 'मा', 'पा', 'बा' म्हणू लागली. आम्हां सगळ्यांना आनंद झाला. हेडमास्तरांनी मासिक सभेत ताईंचं कौतुक केलं. तो माझ्या आठवणीतला शेवटचा चांगला महिना.

एकोणसाठच्या फेब्रुवारीत सोनूबाई पुन्हा दोन जिने चढून आली. बरोबर टोपली नव्हती, गुणवंती होती. मधल्या सुट्टीची वेळ. मी आणि ताई वर्गातच डबा उघडून बसलो होतो. ताई आरशाकडे पाठ करून खिडकीपाशी बसल्या होत्या, त्यांचं तोंड बाहेर होतं.

"नलूबाय," सोनूबाई माझ्यापाशी येऊन म्हणाली, "माझ्या पोरीला वारा लागला बघा. तोंड वाकडं झालंय तिचं. नुसती बसली की बरी असते. बोलाया लागली की तोंड एकीकडं जातंय."

"कधीपासून?"

"झाले दोन म्हयने. धोंडू भगताकडं नेली, त्यानं अंगारा दिला. सरकारी दवाखान्यात नेली. डाक्तरनं तिला फुंकर मारायला लावली, डोळे मिटायला लावले, नि बोल्ला कायच झालेलं नाय. मग झालंय काय? एकवीरेला नवस बोल्ले मी. तुमी बघा तरी. बोल ग, बोल बायंला."

गुणवंतीनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ, चांगल्या आवाजात म्हणाली, "पाणी पाहिजे." 'पा' म्हणताना तिच्या ओठांचा एक कोपरा मिटला, दुसरा उघडा राहिला, आणि तोंड बाजूला ओढलं गेलं. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. 'प' आता असाच काढतात, असं ती ताईंकडे पाहून शिकली होती. मान वर करून ती शाबासकीची वाट पाहत होती.

खिडकीपाशी डब्याचं झाकण पडलं. ताई वळल्या होत्या. सोनूबाईनं त्यांना ऑपरेशननंतर जवळून पाहिलंच नव्हतं, पोरीला ती जिन्याखालीच सोडायची. ती ताईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, मग पोरीच्या, मग पुन्हा ताईंच्या. तिला समजायला वेळ लागला नाही.

"मना वाटला देवीचा कोप झाला," ती हळूच म्हणाली, आणि गुणवंतीला घट्ट जवळ घेऊन उभी राहिली. कुणावर रागावायचं ते तिला कळत नव्हतं.

सुट्टी संपल्यावर ताईंनी अकरा मुलांना आरशासमोर ओळीनं उभं केलं. मला बाजूला थांबायला सांगितलं. पाण्याचा पेला दाखवून त्यांनी मुलांना शब्द म्हणायला लावला. मुलांनी म्हटला. अकरांपैकी आठ तोंडं वाकडी झाली. इतके दिवस उच्चार आला याच आनंदात आम्ही तोंडांकडे नीट पाहिलंच नव्हतं. जी मुलं ताईंच्या शेजारी आरशात पाहून शिकली होती त्यांची उजवीकडे, आणि जी समोर बसून शिकली होती त्यांची डावीकडे. ताईंनी हे माझ्याआधी ओळखलं. प्रत्येकासमोर जाऊन त्या ओठ पाहत होत्या, पूर्वी उच्चार तपासत तसंच. शेवटच्या मुलाशी पोचल्यावर म्हणाल्या, "बघ ना नलू, किती नीट उतरवलंय यांनी."

मी म्हणाले, "ताई, सुधारता येईल. मी सुधारते."

"तू सुधार," त्या म्हणाल्या. "पण मी यांच्यासमोर असेन तोवर सुधारणार नाहीत. ती माझंच पाहतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांना सांगून वर्ग सोडला. शाळा सोडली नाही, घरात बसून करणार काय. त्या कचेरीच्या खोलीत बसून हजेरीपटांच्या नकला करू लागल्या, चित्रांचे तक्ते रंगवू लागल्या. मूल आत आलं की तोंडाला पदर लावत. काही सांगायचं असलं तर पाटीवर लिहून दाखवत. जिनं आयुष्यभर मुलांना हातवारे करू दिले नाहीत ती बाई त्यांना हातानं 'बाहेर जा' अशी खूण करायची. गुणवंती कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत त्या दाराशी उभी राहायची. आपण काय चूक केली ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला आमच्याकडे शब्दही नव्हते. मग एक दिवस ती येईनाशी झाली.

ती तोंडं सरळ करायला मला सव्वा वर्ष लागलं. ओठांच्या कोपऱ्यावर माझी दोन बोटं ठेवून मी एकेक अक्षर पुन्हा बसवलं. साठ सालच्या मे महिन्यात राज्य झालं. गिरगावात दिवे लागले, सुट्टी असूनही मुलांना बोलावून आमच्या शाळेत पेढे वाटले, आणि मुलांनी सगळ्यांसमोर उभं राहून 'महाराष्ट्र' हा शब्द म्हणून दाखवला. ताई कचेरीत दार लावून बसल्या होत्या. मी पेढा घेऊन आत गेले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"सगळ्यांची सरळ होती?"

"हो," मी म्हणाले.

ते खरं नव्हतं. दोघांची सरळ झाली नव्हती, आणि त्यांतली एक गुणवंती होती. तिच्या बाबतीत माझे सगळे उपाय थकले. मी शिकवलेलं ती माझ्यासमोर करून दाखवायची आणि पाठ फिरली की पुन्हा आपल्या पद्धतीनं बोलायची. आता ती दादरला मासळी विकते, तीन मुलांची आई आहे. गिऱ्हाइकांना तिचं बोलणं चांगलं समजतं. तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, असं त्यांना वाटतं. मी ताईंना हे कधी सांगितलेलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. त्यांना माझ्या 'हो'वर विश्वास बसला होता की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. माणसाचं तोंड वाचण्यात त्या माझ्याहून पुष्कळ हुशार होत्या.

मीही आता निवृत्त झाले आहे. श्यामकांत आणि वासंतीवहिनी दोघंही गेली. ताई प्रभादेवीला भाच्याकडे असतात. पंचाहत्तरी झाली. दर गुरुवारी मी जाते. आम्ही फारसं बोलत नाही. गाठ काही वर्षांनी परत आली, या वेळी एक नाही, कानाखाली मण्यांसारख्या पाच. भाच्यानं त्यांना नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नवीन तऱ्हेच्या यंत्रात फोटो काढला, साध्याच आहेत म्हणाले, आणि या वयात हात लावू नये असं सांगितलं. ताई रोज सकाळी सहाला उठतात, अजूनही न मिटणाऱ्या डाव्या डोळ्यात थेंब घालून घेतात आणि तो डोळा चिकटपट्टीनं बंद करतात.